तेल वाढलं

माझ्या मामाच्या तोंडी 'संपलं' हा शब्द कधी आला नाही. डब्यातलं मीठ संपलं की तो म्हणायचा, मीठ वाढलं. कंदिलातलं घासलेट संपलं की घासलेट वाढलं. घरात 'संपलं' म्हणू नये, वास्तू तथास्तु म्हणते, हे आपल्या सगळ्यांना लहानपणी शिकवलेलं असतं. दिवा आपण वाढवतो, बांगडी वाढवतो, आणि तिथेच थांबतो. मामा थांबत नसे. ट्रकवर आला तेव्हा हे बोलणंही तो सोबत घेऊन आला. मागच्या चाकातली हवा कमी झाली की वाकून बघायचा आणि मला ओरडून सांगायचा, "बाबू, हवा वाढली गा!" नागपूरच्या इतवारीत आमच्या गाडीत माल भरणारे हमाल पोट धरून हसायचे. "वाढली तं काढ ना थोडी!" म्हणायचे. मामाही हसायचा, पण शब्द काही बदलत नव्हता.

मी ड्रायव्हर आणि मामा माझा क्लिनर, असा आमचा उलटा कारभार. मामा म्हणजे माझ्या आईचा सर्वांत धाकटा भाऊ. माझ्याहून सातच वर्षांनी मोठा, म्हणून आमचं अरेतुरेचं. पारशिवनीजवळच्या खेड्यात चार भावांच्या मधे एवढीशी धानाची शेती. चौथ्याला तिथे काम नव्हतं. एक दिवस गाठोडं घेऊन माझ्या दारात उभा राहिला. चाळिशी ओलांडलेला माणूस, आणि म्हणतो, "मले गाडीवर घे." मी सेठला विचारून घेतलं. त्या दिवसापासून गावात तो शेतकऱ्याचा चौथा पोरगा राहिला नाही, 'गाडीवाला' झाला. रस्त्यानं जाताना फाट्यावर कोणी गावचं दिसलं की मामा खिडकीतून अर्धा बाहेर यायचा. लोकांनी त्याला माझ्या बाजूच्या सीटवर बसलेलं पाहावं, एवढीच त्या माणसाची हौस होती.

आमच्याकडे मामा भाच्याच्या पाया पडतो. वयानं कितीही लहान असला तरी. तिकडे पुण्या-मुंबईकडच्या माणसाला हे सांगितलं की तो तोंडाकडे बघत राहतो. सकाळी गाडी सुटायच्या आधी मामा बॉनेटला हात लावून नमस्कार करायचा आणि मग माझ्या पायांकडे वाकायचा. मी पाय मागे ओढायचो. "अबे मामा, लोक पाहून राहिले!"

"पाहू दे ना. एक भाचा शंभर बामनाच्या बरोबर."

आणि मग त्याच शंभर बामणांच्या बरोबरीच्या भाच्यानं दिवसभर त्याच्यावर खेकसायचं. माझा स्वभावच तसा. सकाळी तर माझ्याशी कोणी बोलूच नये. ड्रायव्हरकीत डोकं तापतं असं मी बायकोला सांगायचो, पण खरं सांगायचं तर डोकं आधीपासूनच तापट होतं, ट्रक नंतर आला.

आमची जुनी गाडी तेल प्यायची. डिझेलचं सोडा, ते तर सगळ्याच पितात. ही इंजिनचं तेल प्यायची. इंजिनात तेल किती आहे हे बघायला एक लांब पट्टी असते, तिच्यावर दोन खुणा. तेल त्या दोन खुणांच्या मधे पाहिजे. रोज सकाळी मामा पट्टी ओढून बघायचा, फडक्याला पुसायचा आणि हाक द्यायचा, "तेल वाढलं!" मी कुठूनतरी म्हणायचो, "टाक." तो डब्यातून तेल टाकायचा आणि आम्ही निघायचो. सहा वर्षं हे दोनच शब्द चालले. वाढलं. टाक. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच.

मग ऐंशीच्या आसपास सेठनं नवी गाडी घेतली आणि चावी माझ्या हातात दिली. इतक्या ड्रायव्हरांमधून माझ्या हातात! गाडीला हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं, सेठच्या रामदासपेठेतल्या बंगल्यासमोर पेढे वाटले. मामानं सीटवरचं प्लॅस्टिक मला काढू दिलं नाही. उन्हानं पाठीला चिकटायचं ते, तरी नाही. त्या आठवड्यात जबलपूरकडे जाताना मामाच्या गावच्या फाट्यावर मीच गाडी थांबवली आणि मामानं हॉर्न दाबून अर्धं गाव गोळा केलं. मामीही आली होती, डोक्यावर पदर घेऊन. तिनं गाडीच्या टायरला हळदकुंकू लावलं आणि मामाकडे असं पाहिलं की मला उगाच लाज वाटली.

महिना-सव्वा महिना गाडी मस्त चालली. मग एका सकाळी, मनसरच्या पुढे ढाब्यावर, मी कडुनिंबाची काडी चावत उभा होतो. मामानं पट्टी ओढली. जरा वेळ बघत राहिला. पुन्हा पुसली, पुन्हा घातली, पुन्हा ओढली.

"बाबू, तेल वाढलं."

"टाक."

"टाकू?"

आता सहा वर्षांत त्यानं 'टाकू?' असं कधी विचारलं नव्हतं. त्या एका शब्दावर माझी मान वळायला पाहिजे होती. पण मी काय म्हटलं? "सकाळी सकाळी डोकं नको खाऊ मामा. टाक म्हनून राहिलो ना!"

त्यानं टाकलं.

दुसऱ्या फेरीला तेच. तिसऱ्या फेरीला तेच, फक्त तेव्हा त्यानं 'टाकू?' विचारलं नाही. मला वाटलं, नवं इंजिन आहे, घासून बसेपर्यंत थोडं तेल खात असेल. मी स्वतः पट्टी पाहिली नाही. मी ड्रायव्हर, पट्टी पाहायला क्लिनर!

इकडे सेठचं वेगळंच सुरू झालं. नवी गाडी जुन्या गाडीपेक्षा जास्त डिझेल मागायला लागली होती. मलाही ते कळत होतं. टाकी भरून निघालो की काटा लवकर खाली यायचा. आमच्या धंद्यात डिझेल कमी झालं की पहिलं बोट ड्रायव्हर-क्लिनरकडे जातं. रस्त्यात नळी लावून डिझेल विकणारे असतात, नाही असं नाही. पण आम्ही ते पाप कधी केलं नव्हतं. सेठ एक दिवस पान चघळत म्हणाला, "डिझेल इंजन पी रहा है, या तुम दोनों?" माझ्या मस्तकात तिडीक गेली. मामा मात्र दिवसभर जेवला नाही.

त्यानंतरच्या फेरीत, खवाशाच्या पुढे घाट चढताना, गाडीनं निळा धूर सोडला. तेलाच्या दाबाचा काटा खाली पडला आणि इंजिन आतून खटखट करायला लागलं. मी बाजूला घेतली, बंद केली, आणि जन्मात पहिल्यांदा त्या गाडीची पट्टी स्वतःच्या हातानं ओढली.

तेल खुणांच्या मधे नव्हतं. खालीही नव्हतं. वरच्या खुणेच्याही वर, अर्धी पट्टी ओली होती. आणि ते तेल कसलं! दोन बोटांत चोळलं तर पाण्यासारखं पातळ. नाकाशी नेलं तर डिझेलचा भपकारा. शेंगदाण्याच्या पुडीचा कागद होता, त्यावर एक थेंब सोडला. मधे काळा ठिपका राहिला आणि त्याच्याभोवती डिझेलचं ओलं कडं पसरत गेलं.

"मामा, तेल तं वर चढलं हाय!"

"हो ना."

"मंग तू रोज वाढलं, वाढलं काय म्हनत होता?"

मामा माझ्याकडे पाहतच राहिला. "वाढलंच तं होतं गा. आनखी काय म्हनू?"

मी कपाळाला हात लावून रस्त्याच्या कडेला बसलो. आयुष्यभर ज्या माणसाचं 'वाढलं' म्हणजे 'संपलं' होतं, त्यानं आयुष्यात एकदा खरोखर वाढलेल्या वस्तूला वाढलं म्हटलं होतं. आणि मी वरून आणखी तेल ओतायला लावलं होतं. आधी हसू आलं. मग राग आला, आणि राग माझा मलाच आलेला असूनही मी तो मामावरच काढला. काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. तो इंजिनाखाली आडवा पडून तेल काढायचा बोल्ट खोलत होता, आणि "हो बाबू, हो बाबू" म्हणत होता.

ते सगळं पातळ तेल काढलं, सोबत होतं ते नवं भरलं, खुणेबरहुकूम. गाडी तशीच घाटातून वळवून हळूहळू नागपूरला आणली. पोचल्यावर पट्टी पाहिली तर तेल दोन बोटं वर. म्हणजे डिझेल आतूनच कुठूनतरी तेलात उतरत होतं. सेठचं डिझेल कुठे जात होतं ते आता कळलं होतं. पण ते पाहिलं कोणी? मी आणि मामानं.

दुसऱ्या दिवशी गाडी जिथून घेतली त्या एजन्सीत नेली. सेठही आला. पांढऱ्या शर्टातला इंजिनिअर आमचं पूर्ण ऐकेपर्यंत थांबलासुद्धा नाही. नव्या गाडीत डिझेल तेलात जातच नाही, म्हणाला. झालंच नाही असं कधी. मग त्यानं पट्टी पाहिली, वास घेतला, आणि सेठला बाजूला नेऊन आम्हाला ऐकू येईल अशा आवाजात सांगितलं, "ही जुनी युक्ती आहे साहेब. क्लिनर लोक चांगलं तेल काढून विकतात आणि पातळी भरून काढायला डिझेल ओततात. या वेळी जास्त ओतलं गेलं."

घ्या! डिझेल कमी का झालं, तेलात डिझेल का सापडलं, पातळी वर का गेली, सगळ्याला एकच उत्तर मिळालं. आणि ते उत्तर मामा होता.

सेठनं विचारलं, "इंजिनात तेल कोन टाकत होतं?"

मामा म्हणाला, "म्या."

"रोज?"

"हो. म्या टाकलं."

आता इथे मी बोलायला पाहिजे होतं. एवढंच म्हणायचं होतं की सेठ, मी टाक म्हटलं म्हणून त्यानं टाकलं. तो विचारत होता आणि मीच त्याच्यावर ओरडलो. त्यानं डिझेलचा गुंता सुटला नसता, हे खरं. पण निदान दोघं मिळून उभे राहिलो असतो. माझी जीभ उचलली गेली नाही. डोळ्यांसमोर नव्या गाडीचं स्टेअरिंग होतं, आणि ज्या ड्रायव्हरला स्वतःच्या गाडीचं तेल बघायचं कळत नाही त्याच्या हातात सेठ ते ठेवणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं. मी जमिनीवर सांडलेल्या तेलाकडे बघत राहिलो. मामानं माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मी बोललो असतो, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खोटं आहे.

सेठनं त्याला तिथूनच जायला सांगितलं. मामा केबिनमधून आपलं गाठोडं काढून रस्त्याला लागला. खांद्यावरचा दुपट्टा सीटवरच विसरला होता. मला गाडी आत लावायची होती, म्हणून मी त्याला बसस्टँडवर सोडायलासुद्धा गेलो नाही.

एजन्सीनं तेल बदलून गाडी परत दिली. आणि तीन दिवसांनी पट्टी पाहिली तर तेल वर! आता गाडीवर मामा नव्हता. नवा क्लिनर पट्टीला हात लावत नव्हता, मीच बघत होतो. सेठला सांगितलं, तर तो माझ्याकडे वेगळ्या नजरेनं पाहायला लागला. म्हणजे आता माझी पाळी! मी एजन्सीत गेलो, त्यांनी हाकललं. एका मिस्त्रीनं डिझेल फवारणारे नोझल बदलले, तेल वाढलंच. दुसऱ्यानं मोठा पंप उतरवून पुन्हा चढवला, तेल वाढलंच. तिसरा म्हणाला, इंजिन गरम होत नाही म्हणून होतं, जोरात चालवा. जोरात चालवली. रोज सकाळी मी पट्टी ओढायचो, पुसायचो, पुन्हा ओढायचो. समोर दिसत होतं, वासाला येत होतं, आणि काहीएक करता येत नव्हतं. अशा वेळी बाजूला उभं राहून "होईल गा बाबू" म्हणणारा जो एक माणूस होता, त्याला मीच घालवून बसलो होतो.

शेवटी इतवारीच्या पलीकडे एक म्हातारा मिस्त्री होता, फार न बोलणारा, त्याच्याकडे गाडी नेली. त्यानं सगळं ऐकलं. पहिला प्रश्न विचारला, "छोटा पंप कुनी पाहिला काय?" टाकीतलं डिझेल ओढून वर पाठवणारा एक लहानसा पंप इंजिनाच्या अंगालाच बसवलेला असतो. तो कुणीच पाहिला नव्हता. एवढ्याशा वस्तूवर कोण संशय घेतो! त्यानं दोन बोल्ट काढले, पंप खोलला आणि आतली रबरी चकती उन्हाकडे धरली. कडेला नखाएवढी चीर होती. गाडी चालली की त्या चिरेतून डिझेल सरळ इंजिनाच्या तेलात.

"कारखान्यातूनच फाटकी आली हाये," तो म्हणाला. "हा पाहा तुहा चोर."

मी सेठला तिथे बोलावून आणलं. त्यानं चकती हातात घेतली, चिरेत नख घालून पाहिलं, परत दिली. म्हणाला, "ठीक है. बुला लो उसको." झालं! एवढ्यानं झालं त्याचं.

दुसऱ्याच दिवशी चकती कागदात बांधून मी पारशिवनीची बस धरली. फाट्यावरून गावापर्यंत चालत गेलो. वाटेत भेटलेल्या एकानं विचारलं, "तुह्या मामानं डिझेल इकलं म्हंतात, खरं काय गा?" म्हणजे बातमी माझ्या आधी पोचली होती. मी त्याच्या अंगावर धावून गेलो. दोन महिन्यांपूर्वी जिथे तोंड उघडायला पाहिजे होतं तिथे मुका झालो, आणि आता रस्त्यावरच्या माणसाशी भांडत होतो.

मामा अंगणात बसून अंबाडीचा दोर वळत होता. वाळला होता. मामीनं पाणी आणून ठेवलं, पण ती माझ्याशी बोलली नाही. मी कागद सोडून चकती त्याच्यापुढे केली आणि सगळं सांगितलं. त्यानं ती चकती डोळ्याला लावून चिरेतून पलीकडे पाहिलं. लहान पोरासारखा हसला.

"एवढंसं? बाप रे. मी तं रात्ररात्र इचार करत होतो, डिझेल येते कुठून म्हनून."

"मामा, त्या दिवशी मी सेठले सांगाले पाहिजे होतं. टाक मीच म्हटलं होतं."

"जाऊ दे ना गा."

"तुले तं दिसत होतं ना तेल वर आलं म्हनून? मंग काहून टाकलं तू?"

त्यानं दोराला आणखी एक पीळ दिला. "मले वाटलं, नवी गाडी हाये, तिचं काही वेगळं असंन. म्या इचारलं तुले, टाकू काय म्हनून. तू म्हनला टाक." मग हळूच म्हणाला, "भाच्याले एकदा इचारलं. दुसऱ्यांदा कसा इचारू?"

मी घाईघाईनं म्हटलं, सेठनं बोलावलं आहे, उद्यापासून ये, गाडी तुझीच आहे, सीटवर दुपट्टा अजून तसाच ठेवला आहे. मी त्याच्यापुढे जवळजवळ हातच जोडले. मामीनं दारातून पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं आणि मग मामाकडे.

मामानं चकती पुन्हा कागदात नीट गुंडाळली आणि माझ्या हातात दिली.

"नाही बाबू," तो म्हणाला. "गाडीवरचं माहं वाढलं आता."

या वेळी तो शब्द मला बरोबर कळला. मी उठलो. तोही उठला, हात धोतराला पुसले, आणि नेहमीसारखा माझ्या पायांकडे वाकला. रोज मी पाय मागे ओढायचो. त्या दिवशी ते जागचे हललेच नाहीत. त्यानं दोन्ही हातांनी पायांना स्पर्श केला, हात कपाळाला लावले, आणि मी तसाच उभा राहिलो.